झिंक ऑक्साइडचे नॅनोकण पाण्यात किती विरघळतात? एका चाचणी-अहवालाचे प्रकरण

पार्श्वभूमी

सूक्ष्म अन्नद्रव्यांची खते बनवणाऱ्या एका लहान उद्योगाने पश्चिम महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाकडे चाचणीचे काम सोपवले. संस्था, उद्योग आणि व्यक्ती ओळखू येतील असे तपशील इथे वगळले आहेत.

उद्योगाला ठिबकमधून सोडता येईल असे झिंक ऑक्साइडचे सस्पेन्शन, म्हणजे पाण्यात तरंगते ठेवलेले बारीक कण, बाजारात आणायचे होते. त्यामागचा विचार सरळ होता. राज्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत जस्ताची कमतरता नेहमीचीच आहे. माती परीक्षणात डीटीपीए पद्धतीने (डीटीपीए हे मातीतले जस्त ओढून घेणारे रसायन) जस्त किलोला ०.६ मिलिग्रॅमच्या खाली आले की कमतरता धरली जाते. शेतकरी त्यावर झिंक सल्फेट देतो, ज्यात सात पाण्याच्या स्फटिकात २१ टक्के जस्त असते, किंवा १२ टक्क्यांचे चिलेटेड झिंक देतो. झिंक ऑक्साइडमध्ये शुद्ध पदार्थाच्या वजनाचे ८० टक्के जस्त असते. तेवढ्याच जस्तासाठी माल कमी वाहून न्यावा लागतो. अडचण एकच, तो पाण्यात फारसा विरघळत नाही. कण २० नॅनोमीटरपर्यंत बारीक केला तर ही अडचण सुटेल, अशी उद्योगाची अपेक्षा होती. लेबलवर छापायचे वाक्यही ठरले होते: साध्या झिंक ऑक्साइडपेक्षा पाचपट विद्राव्य.

विभागाकडे तीन पावडरी आल्या. पुडीवर एकीच्या २० नॅनोमीटर, दुसरीच्या १०० नॅनोमीटर आणि तिसरीच्या ‘साधी’ असे लिहिले होते. साधी म्हणजे रबर उद्योगात चालते ती. कामाला हात घालण्याआधी तिन्हींचे पृष्ठफळ बीईटी पद्धतीने, म्हणजे पृष्ठभागावर किती वायू चिकटतो त्यावरून, मोजले गेले. ते अनुक्रमे ग्रॅमला ४६, १७ आणि ४.३ चौरस मीटर आले. कण गोल मानला तर व्यास म्हणजे ६ भागिले घनता आणि पृष्ठफळ यांचा गुणाकार. झिंक ऑक्साइडची घनता ५.६१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरली की व्यास येतात २३, ६३ आणि सुमारे २५० नॅनोमीटर. दोन गोष्टी इथेच लक्षात घ्यायला हव्या होत्या. ‘१०० नॅनोमीटर’ची पुडी प्रत्यक्षात ६३ ची होती. आणि ‘साधी’ पावडर मायक्रॉनची नव्हतीच, तीही मायक्रॉनच्या पाव भागाइतकी बारीक होती. तुलना कशाशी चालली आहे हे बीईटी केल्याशिवाय कळत नाही. पुडीवरचा आकडा तेवढा भरवशाचा नसतो.

पहिली फेरी

पद्धत पाठ्यपुस्तकी होती. एक लिटर पाण्यात १० मिलिमोलर हेपेस बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रव्य) घालून पीएच ७.५ वर आणला, २५ अंशांवर १०० मिलिग्रॅम पावडर सोडली आणि बाटली शेकरवर ठेवली. एका तासाने आणि २४ तासांनी नमुना काढून तो ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळला. गाळलेल्या द्रावात २ टक्के होईल इतके नायट्रिक आम्ल घातले आणि अॅटॉमिक अॅब्सॉर्प्शनवर (प्रकाश किती शोषला जातो यावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) २१३.९ नॅनोमीटरच्या रेषेवर जस्त मोजले. बफर म्हणून फॉस्फेट घेतले नाही, हा निर्णय योग्य होता, कारण फॉस्फेट जस्ताला झिंक फॉस्फेट म्हणून खाली बसवते आणि विद्राव्यतेची सगळी मोजणी खोटी पडते.

लिटरमागे मिलिग्रॅम जस्त असे आकडे आले: २३ नॅनोमीटरच्या पावडरीचे तासाभराने ४४ आणि २४ तासांनी ३१, ६३ च्या पावडरीचे २६ आणि १९, साध्या पावडरीचे १२ आणि ११. १०० मिलिग्रॅम झिंक ऑक्साइडमध्ये एकूण जस्त ८० मिलिग्रॅम असते. म्हणजे बारीक पावडर तासाभरात अर्ध्याहून अधिक विरघळली आणि साधीच्या जवळपास चौपट गेली, असे दिसत होते. उद्योगाला हवा होता त्याच्या जवळचा आकडा मिळाला आणि अहवालाचा मसुदाही तयार झाला.

अडचण कुठे दिसली

मसुदा तपासताना तीन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे वेळेबरोबर आकडा घसरत होता. विरघळलेले जस्त बाटलीतून कुठे जात नाही. हेपेसमध्ये जस्ताला खाली बसवणारे काही नव्हते, पीएचही फारसा हलला नव्हता. तरीही बारीक पावडरीचे ‘विरघळलेले’ जस्त ४४ वरून ३१ वर आले. सुटे कण हळूहळू एकमेकांना चिकटून गुठळ्या होत गेल्या आणि त्या गुठळ्या ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरवर अडकू लागल्या, असे मानले तरच या घसरणीचा अर्थ लागतो. म्हणजे पहिल्या तासात फिल्टरमधून बरेच घन कण पार होत होते.

दुसरी खूण अगदी स्वस्तातली. आम्ल घालण्याआधीच्या गाळलेल्या द्रावातून लेझर पॉइंटरचा किरण सोडला, तर त्याची वाट स्पष्ट दिसली. खऱ्या द्रावणात ती दिसत नाही. आम्ल घातल्यावर किरण नाहीसा झाला, कारण पार झालेले कण आम्लात विरघळले आणि विरघळलेले जस्त म्हणूनच मोजले गेले. पहिल्या फेरीची खरी चूक इथे होती. ०.४५ मायक्रॉन म्हणजे ४५० नॅनोमीटर. पाण्याच्या तपासणीत ‘विरघळलेले’ याची व्याख्याच या फिल्टरवर बेतलेली आहे आणि माती-पाण्याच्या नेहमीच्या कामात ती चालते. २३ नॅनोमीटरच्या कणापुढे मात्र हे भोक वीसपट मोठे आहे.

तिसरी गोष्ट हिशेबाची होती. झिंक ऑक्साइड दोन हायड्रोजन आयन घेऊन विरघळते आणि या अभिक्रियेच्या समतोल स्थिरांकाचा लॉग २५ अंशांवर सुमारे ११.२ असतो. त्यावरून पीएच ७.५ ला मोठ्या स्फटिकाची मर्यादा लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम जस्त एवढीच येते. ३१ मिळवायचे तर आकारामुळे तिप्पट वाढ व्हायला हवी. आकाराचा परिणाम ऑस्टवाल्ड-फ्रॉइंडलिच समीकरणाने काढता येतो: लहान कणाची विद्राव्यता भागिले मोठ्या स्फटिकाची विद्राव्यता, या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग म्हणजे दोन गुणिले पृष्ठऊर्जा गुणिले मोलर आकारमान, भागिले त्रिज्या, वायू स्थिरांक आणि तापमान यांचा गुणाकार. झिंक ऑक्साइडचे मोलर आकारमान १४.५ घन सेंटिमीटर आहे. पाण्यातली पृष्ठऊर्जा नेमकी सांगणे अवघड असते. विद्राव्यतेवरून काढलेले आकडे साधारण ०.३ ते ०.८ जूल प्रति चौरस मीटर या पट्ट्यात सापडतात. या दोन टोकांनी हिशेब केला तर मर्यादा २३ नॅनोमीटरला १.३५ ते २.२ पट, ६३ ला १.१ ते १.३५ पट आणि २५० ला जेमतेम ३ ते ८ टक्के वाढते. १० नॅनोमीटरला २ ते ६.५ पट. ४ नॅनोमीटरला खालच्या टोकाने सहापट, वरच्या टोकाने शंभरपट. घातांकी समीकरणाचा हा स्वभाव आहे: १० नॅनोमीटरच्या खाली आकार सत्ता गाजवतो, ५० च्या वर त्याचे फारसे चालत नाही. २३ नॅनोमीटरचा कण तिप्पट-चौपट विद्राव्य असल्याचा आकडा या पट्ट्यात बसत नव्हता.

याच हिशेबातून एक फार उपयोगी तुलना हाती आली. विरघळताना दोन हायड्रोजन आयन लागतात, म्हणून पीएच ०.१ ने उतरला की मर्यादा १.६ पट होते आणि ०.३ ने उतरला की चौपट. २५० वरून २३ नॅनोमीटरवर आल्याने जो फरक पडेल, तो पीएच मीटर नीट कॅलिब्रेट न केल्यानेही पडू शकतो.

कोणते पर्याय होते

मसुदा तसाच पाठवणे हा एक पर्याय होता आणि तो सुचवलाही गेला. पद्धत मान्यताप्राप्त आहे, आकडे खरे मोजलेले आहेत, फिल्टर कोणता वापरला ते अहवालात लिहिलेच आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. तो मान्य झाला नाही. वाचणारा ‘विरघळलेले’ हा शब्द वाचतो, फिल्टरचे भोक वाचत नाही.

०.१ किंवा ०.०२ मायक्रॉनचा फिल्टर घेणे दुसरा पर्याय. ०.०२ मायक्रॉन म्हणजे २० नॅनोमीटर, म्हणजे मोजायचा कण आणि भोक एकाच मापाचे. शिवाय विरघळत जाताना कण आणखी लहान होतात. हा पर्याय बाजूला ठेवला.

सेंट्रिफ्यूजचा हिशेब मांडून पाहिला, कारण विभागात मिनिटाला ४,००० फेऱ्यांचे टेबलावरचे यंत्र होते. नळीतला द्राव अक्षापासून ६ ते १० सेंटिमीटरवर असेल तर १५ मिनिटांत सुमारे १०० नॅनोमीटरपर्यंतचे कण खाली बसतात. गुठळ्या जातात, सुटे कण वरच राहतात. १० नॅनोमीटरचा कण बसवायला याच यंत्राला २८ तास लागतील. २०,००० फेऱ्यांच्या यंत्रावर तेच काम तासाभरात होते, पण त्या तासात कण विरघळतच असतात आणि यंत्र तापले तर तापमानही बदलते. तासाभराच्या नमुन्याला हे चालत नाही, २४ तासांच्या नमुन्याला चालते.

डायलिसिसची पिशवी हा स्वच्छ मार्ग आहे. कण आत राहतात, आयन बाहेर येतात, काही दाबावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या २००७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात पीएच ७.६ च्या पाण्यात हीच पद्धत वापरली होती. त्यात नॅनो आणि साध्या झिंक ऑक्साइडच्या विद्राव्यतेत फरक दिसला नाही आणि शेवाळावरची विषारीताही विरघळलेल्या जस्ताचीच निघाली. पण पिशवीतून समतोल साधायला काही तास जातात, त्यामुळे सुरुवातीचा वेग तिच्याने कळत नाही.

शेवटी ३ किलोडाल्टनच्या अल्ट्राफिल्ट्रेशन नळ्या निवडल्या, ज्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्या की द्राव त्यांच्या पडद्यातून गाळला जातो. त्यांची भोके एक-दोन नॅनोमीटरची असतात. या नळ्या महाग आहेत आणि पडदा स्वतःच जस्त धरून ठेवतो, ही त्यांची खोड आहे. पण ती मोजता येते, म्हणून तिच्यावर उपाय करता येतो. २४ तास आणि सात दिवसांच्या नमुन्यांची उलटतपासणी डायलिसिसने करायची ठरले.

दुसरी फेरी

आधी पडद्याची परीक्षा झाली. त्याच बफरमध्ये झिंक नायट्रेटचे लिटरला १ आणि १० मिलिग्रॅमचे द्रावण करून ते नळीतून काढले. १० चे जवळपास पूर्ण मिळाले, १ चे पहिल्या खेपेला ८० टक्क्यांच्या आसपास आणि दुसऱ्या खेपेला ९५ च्या वर. म्हणून क्रम ठरला: नळी आधी शुद्ध पाण्याने धुवायची, कारण पडद्यावर ग्लिसरीन असते. मग नमुन्याचाच पहिला भाग गाळून तो टाकून द्यायचा आणि दुसरा भाग मोजायचा. सुरुवातीच्या वेळांसाठी फिरवणे पाच मिनिटांतच थांबवायचे, भले अर्धा मिलिलिटरच द्राव मिळो. तीस मिनिटे फिरवून मिळालेल्या नमुन्याला ‘दहा मिनिटांचा’ म्हणता येत नाही. आम्ल गाळल्यानंतरच घालायचे.

कोऱ्या नमुन्यात, म्हणजे पावडर न घालता केलेल्या नमुन्यात, जस्त सापडले आणि त्याचा माग काढण्यात वेळ गेला. हातमोजे लेटेक्सचे असोत की नायट्राइलचे, दोन्हींच्या घडणीत झिंक ऑक्साइड वापरतात. पिपेटचा रबरी फुगा, रबरी बूच, काही ओ-रिंग, यांतही तेच. व्हिनाइलचे हातमोजे, पॉलिप्रॉपिलिनच्या बाटल्या, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून तीनदा धुतलेले साहित्य, एवढे केल्यावर कोरा नमुना खरोखर कोरा आला. विहिरीच्या पाण्यात लिटरला एक मिलिग्रॅमच्या आतले आकडे मोजायचे असतात तेव्हा हे सोडून चालत नाही.

पीएचवर यावेळी सगळ्यात जास्त लक्ष दिले. लिटरला १० मिलिग्रॅम जस्त विरघळले की ०.३ मिलिमोल हायड्रॉक्साइड तयार होतो आणि १० मिलिमोलर हेपेसमध्ये पीएच ०.०५ ने चढतो. एवढ्यानेही मर्यादा वीस टक्क्यांनी खाली येते. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या वेळी पीएच वाचून पातळ नायट्रिक आम्लाच्या थेंबांनी तो ७.५० च्या ०.०२ इकडेतिकडे ठेवला. तापमान एका अंशाच्या आत राखले, आणि त्यालाही कारण आहे: पीएच तोच राहिला तर झिंक ऑक्साइड गरम पाण्यात कमी विरघळते. विरघळताना उष्णता बाहेर पडते. दहा अंश वाढले की मर्यादा सुमारे एक-तृतीयांशावर येते. साखर-मिठाच्या सवयीने पाहणाऱ्याला हे उलटे वाटते.

पावडर पसरवण्यासाठी लिटरला १ ग्रॅमचे साठा-सस्पेन्शन बर्फात ठेवून प्रोब सोनिकेटरने (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणाऱ्या यंत्राने) हलवले आणि अर्ध्या तासाच्या आत वापरले. साठ्यातही कण विरघळतच असतात. सकाळी बनवून दुपारी वापरलेला साठा घेतला तर शून्य मिनिटाला शून्य जस्त हे गृहीतच मोडते.

आकडे असे आले. पंधरा मिनिटांनी, म्हणजे दहा मिनिटांनी काढून पाच मिनिटे फिरवलेल्या नमुन्यांत, लिटरला ६.८, ३.१ आणि १.० मिलिग्रॅम. २४ तासांनी १२.६, १०.९ आणि ९.२. सात दिवसांनी ११.४, १०.६ आणि ९.८. २४ तास आणि सात दिवसांचे डायलिसिसचे आकडे याच्याशी जुळले.

आकडे कसे वाचायचे

पंधरा मिनिटांना बारीक पावडर साधीच्या जवळपास सातपट पुढे होती. विरघळण्याचा वेग उघड्या पृष्ठफळावर चालतो आणि पृष्ठफळाचे गुणोत्तर होते ४६ ला ४.३, म्हणजे सुमारे अकरापट. सातच का, अकरा का नाही? विरघळलेले जस्त पृष्ठफळाने भागून पाहिले तर बारीक पावडरीने चौरस मीटरमागे सुमारे १.५ मिलिग्रॅम दिले, ६३ वालीने १.८ आणि साधीने २.३. बारीक पावडर पंधरा मिनिटांतच मर्यादेच्या अर्ध्यावर पोचली होती, त्यामुळे तिचा वेग आपोआप मंदावला. शिवाय तिच्या गुठळ्या झाल्या होत्या. डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार मोजण्याच्या पद्धतीत) तिचा पाण्यातला आकार तासाभरात ३०० ते ४०० नॅनोमीटर दिसत होता. बीईटीने कोरड्या पावडरीचे जे पृष्ठफळ दाखवले, ते सगळे पाण्याला मोकळे मिळत नव्हते.

२४ तासांनी सातपटीचा फरक १.३७ पटीवर आला. सात दिवसांनी तो १.१६ पट उरला. पीएच मीटरची ०.०२ ची अनिश्चितता एकटीच मर्यादेत १० टक्के चूक आणते, म्हणून ६३ नॅनोमीटरच्या पावडरीचा फरक मोजणीच्या चुकीत विरतो. २३ चा २४ तासांचा फरक मात्र चुकीच्या बाहेर राहतो आणि समीकरणाच्या खालच्या टोकाशी, १.३५ पटीशी, बऱ्यापैकी जुळतो. आकाराने मर्यादा वाढते हे खरे, पण या आकाराला थोडीच वाढते.

बारीक पावडरीचा आकडा १२.६ वर जाऊन ११.४ वर का उतरला, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागला, कारण पहिल्या फेरीतही घसरणच होती. यावेळी गाळणीतून कण जात नव्हते, लेझरची वाटही दिसत नव्हती. पावडरीत २३ ही सरासरी आहे. १० चेही कण असतात आणि ४० चेही. लहान कण आपल्या उंच मर्यादेपर्यंत विरघळतात आणि त्यांनी सोडलेले जस्त मोठ्या कणांवर पुन्हा बसते. लहान संपत जातात, मोठे वाढत जातात आणि पाण्यातले जस्त हळूहळू मोठ्या कणांच्या मर्यादेकडे उतरते. याला ऑस्टवाल्ड पक्वन म्हणतात. सातव्या दिवशी जे मोजले, ते २३ नॅनोमीटरच्या कणाचे नव्हतेच. त्यामुळे ‘२० नॅनोमीटरच्या कणाची समतोल विद्राव्यता’ असा शब्दप्रयोग अहवालात टाळला, आणि तो टाळायलाच हवा.

विहिरीचे पाणी

बफर ही प्रयोगशाळेची सोय. ठिबकच्या टाकीत विहिरीचे किंवा बोअरचे पाणी असते. एका बागायती विहिरीचे पाणी आणले, पीएच ८.१, क्षारता (अल्कलिनिटी) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरला ३०० मिलिग्रॅम. २४ तासांत तिन्ही पावडरी लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास येऊन थांबल्या आणि त्यांच्यातला फरक मोजता येईना. गुठळ्या मायक्रॉनच्या वर गेल्या. सात दिवसांनी सुकवलेल्या घनाच्या एक्स-रे आलेखात हायड्रोझिंकाइटची, म्हणजे जस्ताच्या क्षारीय कार्बोनेटची, फिकट शिखरे दिसली. बायकार्बोनेटच्या पाण्यात कणावर या कार्बोनेटचा थर चढतो आणि पुढची विद्राव्यता त्या थराची असते, झिंक ऑक्साइडची नव्हे. ज्या जमिनींसाठी हे उत्पादन आखले होते, त्या जमिनीही याच पीएचच्या.

मात्रा किती घेतली यावरही चित्र पालटते. लिटरला १ मिलिग्रॅम झिंक ऑक्साइड पीएच ७.५ ला सोडले तर ते सगळेच विरघळते, कारण मर्यादा दहाची आहे. तिथे आकार फक्त ‘किती वेळात’ एवढेच ठरवतो. १०० मिलिग्रॅमला मर्यादा आड येते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धातू आणि धातू-संयुगांच्या विरघळण्याच्या चाचणीत लिटरला १, १० आणि १०० मिलिग्रॅम अशा तीन मात्रा सांगितल्या आहेत, त्या याचसाठी.

टाकीत दुसरे काय मिसळतात हेही पाहिले गेले. १२:६१:०० (मोनोअमोनियम फॉस्फेटचे विद्राव्य खत) घातले की पाणी आम्लधर्मी होते, झिंक ऑक्साइड सुरुवातीला पटकन विरघळते आणि मग झिंक फॉस्फेटचा पांढरा साका बसू लागतो. हाच साका ड्रिपर बंद करतो. पीएच ६ पर्यंत सायट्रिक आम्लाने उतरवले तर साधी पावडरही पूर्ण विरघळते. त्या पीएचला मर्यादा ग्रॅममध्ये मोजावी लागते आणि सायट्रेट जस्ताला धरूनही ठेवते. फक्त आम्लाचा बराच भाग पाण्यातले बायकार्बोनेटच खाते, त्यामुळे आम्ल पावडरीच्या हिशेबाने न घालता पाण्याच्या क्षारतेच्या हिशेबाने घालावे लागते.

अहवालाचा निर्णय

शब्दरचनेवर बराच खल झाला. ‘नॅनोकणांची विद्राव्यता अधिक आहे’ हे वाक्य खोटे नव्हते. २४ तासांचा १२.६ विरुद्ध ९.२ हा आकडा त्याला आधार देत होता. पण लेबलवर ते पाचपटीचे बीज ठरले असते. शेवटी अहवालात चार गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या: पहिल्या तासातला वेग साध्या पावडरीच्या कित्येक पट, पीएच ७.५ च्या बफरमध्ये २४ तासांनंतरचा फरक सुमारे एक-तृतीयांश, पीएच ८.१ च्या विहिरीच्या पाण्यात फरक मोजता आला नाही, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरने मिळालेले पहिल्या फेरीचे आकडे विद्राव्यतेचे नसून गाळणीतून गेलेल्या एकूण जस्ताचे आहेत. पहिल्या फेरीचे आकडे लपवले नाहीत, परिशिष्टात दिले. दुसऱ्या प्रयोगशाळेने ०.४५ ने तीच चाचणी केली तर तिला तसेच आकडे मिळतील आणि त्यांचा अर्थ काय हे आधीच लिहिलेले असावे, हा त्यामागचा हेतू.

उद्योगाने पाचपटीचा दावा सोडला. लेबलवर पाण्याचा पीएच तपासण्याची आणि फॉस्फेटच्या खतांबरोबर एकाच टाकीत न मिसळण्याची सूचना आली. उद्देश विरघळलेले जस्त ताबडतोब देणे एवढाच असेल, तर ते काम झिंक सल्फेट अधिक सोपेपणाने करते, हेही त्यांना तोंडी सांगितले गेले. नॅनो सस्पेन्शनची बाजू मांडायचीच असेल तर ती सावकाश मिळणाऱ्या पुरवठ्यावर किंवा पानावर टिकून राहण्यावर मांडावी लागेल आणि त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतील. नॅनो-आधारित कृषी निविष्टांच्या मूल्यमापनासाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची जुलै २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तीही उद्योगाला दाखवली.

वेगळे काय करता आले असते

लेझरची चाचणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. दोन मिनिटांचे काम आहे. गाळलेल्या द्रावात वाट दिसली की पुढची मोजणी थांबवावी.

मर्यादेचा हिशेब प्रयोगाच्या आधी कागदावर मांडायला हवा होता. पीएच ७.५ ला दहाच्या आसपास उत्तर येणार हे माहीत असते, तर ४४ चा आकडा त्याच क्षणी संशयास्पद ठरला असता. याच हिशेबाने प्रत्येक ऑक्साइडचा प्रयोग वेगळा आखावा लागेल. टायटॅनियम डायऑक्साइड पाण्यात इतके कमी विरघळते की आकार कितीही घटवला तरी आयनांचा प्रश्न उठत नाही. कॉपर ऑक्साइड उदासीन पाण्यात विरघळायला फार वेळ घेते, त्याला २४ तासांची चाचणी पुरत नाही. मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात पडताच हायड्रॉक्साइड होऊ लागते, मग मोजणी हायड्रॉक्साइडची होते.

समतोल फक्त खालून गाठला गेला. तेवढ्याच बाटल्यांत आधी जास्त झिंक नायट्रेट घालून, वरून खाली येणारा आकडाही घ्यायला हवा होता. दोन्ही बाजूंनी एकाच ठिकाणी पोचले तरच त्याला मर्यादा म्हणणे पक्के होते. नळ्यांच्या खर्चामुळे ते राहिले. फक्त २४ तास आणि सात दिवसांच्या नमुन्यांना, आणि डायलिसिसने केले असते तर खर्चही आवाक्यात राहिला असता.

पावडरीची साठवणूकही सैल होती. बारीक झिंक ऑक्साइड दमट हवेतले पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेते आणि पृष्ठभागावर क्षारीय कार्बोनेट बनते. पावसाळ्यात उघडी राहिलेली पुडी महिन्याभराने तीच पावडर राहत नाही. प्रत्येक फेरीच्या आधी थोडी पावडर तापवून वजनातली घट पाहणे, पूर्ण आम्लात विरघळवून एकूण जस्त तपासणे आणि उरलेली पावडर डेसिकेटरमध्ये सीलबंद ठेवणे, हे तिन्ही आता त्या विभागाच्या कार्यपद्धतीत लिहिलेले आहे.